पाठमोरा वर्ग

भोरला आत्याच्या घरात सगळे हळू बोलत. राजगडाखालच्या गुंजवण्याच्या वरच्या वाडीतून आलेल्या मला ही गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली. आमच्या वाडीत घरं लांब लांब, मध्ये ओढा, घळ, भाताची खाचरं. तिथे हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतो आहे असं समजत. भोरात भिंतीला भिंत लागून घरं होती. मी अंगणातून ‘आत्याऽ, पाणी तापलं काऽ?’ असं विचारलं की उत्तर शेजारच्या घरातून येई, ‘तापलंय रं, ये आंघोळीला!’ आत्या पदर तोंडाला लावून हसे आणि मग दटावी, ‘हळू बोल की. हितं मधी डोंगर हाय का?’

आत्याच्या यजमानांना मी मामा म्हणे. ते संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. कचेरीत कोण काय बोललं हे ते संध्याकाळी ओसरीवर बसून जसंच्या तसं सांगत, साहेबांचा आवाज साहेबांसारखा आणि कारकुनाचा कारकुनासारखा काढून. घरात मूल नव्हतं. ऐकणारे म्हणजे आत्या, मी आणि दावणीची एक गाय. सकाळी नाचणीची भाकरी आणि ताक, शाळेतून आल्यावर हुलग्याचं कढत माडगं, रात्री भात आणि मिळाली तर नदीतली मासळी. वाडीहून वडील आंबेमोहोर तांदळाची गोणी पाठवत. तो तांदूळ आत्या पाहुण्यांसाठी राखून ठेवी आणि पाहुणे आले नाहीत की कुरकुरे. तिन्ही बाजूंनी आवाज येत. मागे नीरा, खडकांवरून घासत जाणारी. समोरून राजवाड्याच्या घड्याळाचे टोल. सकाळी बाजूच्या मैदानातून संस्थानच्या बँडचा सराव, त्यात एक कर्णा नेहमी इतरांच्या मागे राही. आत्या त्या कर्ण्याला ‘लंगडा’ म्हणे आणि तो वाजला की भाकरी उलटण्याची वेळ झाली असं धरी.

मला भोरला ठेवलं होतं ते इंग्रजी शाळेसाठी. प्रचंडगड, म्हणजे तोरण्याकडच्या, तालुक्यातून त्या वर्गात आलेले आम्ही दोघेच. एक मी, नामा, शेतकऱ्याचा. दुसरा म्हाळू, आमच्या घळीपलीकडच्या धनगरवाड्यावरचा. तो संस्थानच्या वसतिगृहात राही. बाकीची पोरं भोर गावातली. त्यांत विसू नावाचा वकिलाचा मुलगा पहिला नंबर सोडत नसे. आमचे इंग्रजीचे शिक्षक गुप्ते मास्तर. बुटके, काटक, डोक्यावर काळी टोपी, बोटांना खडूची पूड कायमची. शिकवण्याची रीत त्या काळी सगळीकडे होती तीच. मास्तर एक वाक्य वाचत, आम्ही बोट पुस्तकावर ठेवून त्याचं मराठी करत असू, मग पुढचं वाक्य. व्याकरणाचे नियम आम्हाला पाठ होते. अवघड शब्दांचे अर्थ विचारले तर मास्तरांच्या आधी विसू सांगे. आम्ही इंग्रजी डोळ्यांनी शिकलो होतो. ते कानांनीही येतं, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आलं पाचवी इंग्रजीत असताना, पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हा. साहेब विलायतेचे होते, उंच, तांबूस, बोलताना ओठ फारसे न हलवणारे. त्यांनी आमची पुस्तकं मिटायला लावली आणि पाच-सहा वाक्यांची एक गोष्ट सांगितली. नंतर प्रश्न विचारले. वर्गात कोणाला एक शब्दही लागला नाही. पहिल्या शब्दाचं मराठी मनात होईपर्यंत साहेब शेवटच्या वाक्यावर पोचलेले असत. विसूला उभं केलं तेव्हा त्याने साहेबांच्या प्रश्नातले शेवटचे तीन शब्द साहेबांनाच परत म्हणून दाखवले. पुढच्यानेही तेच केलं. मीही तेच केलं. साहेब सोबत आलेल्या संस्थानच्या दिवाणसाहेबांना घेऊन बाहेर गेले.

बाहेर काय झालं ते कचेरीत कारकुनांच्या तोंडून ऐकून मामांनी संध्याकाळी ओसरीवर सांगितलं. साहेब म्हणाले होते की ही पोपटांची शाळा आहे. या मुलांना मॅट्रिकच्या वर्गापर्यंत नेण्यात अर्थ नाही. दिवाणसाहेबांनी एका वर्षाची मुदत मागून घेतली. पुढच्या वर्षी साहेब पुन्हा येणार, तोंडी परीक्षा घेणार, आणि तेव्हाही हेच दिसलं तर भोरचा मॅट्रिकचा, म्हणजे सातवी इंग्रजीचा, वर्ग बंद. गावातल्या पोरांना त्याची फार झळ नव्हती. कोणाची मावशी पुण्यात होती, कोणाचा काका. म्हाळूला आणि मला पुण्यात कोणी नव्हतं. वाडीला कळलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, ‘बंद झाली तर ये घरी. औताला माणूस हवाच हाय.’ ते रागाने म्हणाले नव्हते. पण मला मॅट्रिक व्हायचं होतं, आणि भोरलाच होता आलं तरच मी होणार होतो.

मामांनी मात्र मला सोडलं नाही. जेवताना ते साहेबांचा आवाज काढून काहीतरी गिटपिट करत आणि मग माझा आवाज काढून शेवटचे दोन शब्द परत म्हणत. ‘पाच वर्सं इंग्रजी शिकला आन साहेबापुढं हूं का चूं न्हाई. आमची गाय बरी, ती हंबरती तरी!’ आत्या म्हणे, ‘जेवू द्या की त्याला.’ मग स्वतःच हसे.

गुप्ते मास्तरांनी आम्हाला बोल लावला नाही. सहावीचं वर्ष सुरू झालं तसे ते रोज एक उतारा मोठ्याने वाचून दाखवू लागले. पुस्तकं मिटलेली. आम्हाला समजलं नाही की ते आणखी हळू वाचत. तरी समजलं नाही की आणखी मोठ्याने. शेवटी ते एकेक शब्द सुटा करून, घसा ताणून म्हणत, आणि आम्ही एकेका शब्दाचं मराठी करत असू, आणि वाक्य संपलं की हातात शब्दांचा ढीग राही, अर्थ नाही. पावसाळा असाच गेला. मास्तरांचा आवाज बसला. गुळण्या करण्यासाठी त्यांच्या टेबलावर मिठाच्या पाण्याचा तांब्या आला. विसू म्हणाला, ‘साहेब येईपर्यंत मास्तर मुके होतील. मग आपली सुटका.’

दिवाळीच्या सुटीत मास्तरांनी वर्गाला राजगड बघायला नेलं. चालत दिवसभराची वाट. गड चढण्याआधी मुक्काम आमच्याच घरी पडला. आईने आंबेमोहोराचा भात, वरणात तुपाची धार, वाल आणि नाचणीचे पापड असं केलं होतं. गावातली पोरं भात कापलेली खाचरं पहिल्यांदाच जवळून बघत होती आणि धसकटं पायाला लागली की ओरडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर पडवीत पथारीवर टेकले होते. आईची एक लंगडी म्हैस सकाळपासून दिसत नव्हती, ती नेहमीसारखी घळीपलीकडे गेलेली असणार. आई अंगणाच्या कडेला गेली, तोंडापुढे हाताचा आडोसा केला आणि घळीपलीकडे हाळी घातली. पलीकडे म्हाळूचा वाडा. मध्ये एवढी खोल घळ की उतरून चढायला अर्धी दुपार जावी.

‘ठकूऽऽबाऽऽय! ओऽऽ ठकूबाऽऽय!’

थोड्या वेळाने पलीकडून ‘ओऽऽ’ आलं. ठकूबाई म्हणजे म्हाळूची आई.

‘म्हशीचंऽऽ सांगतीऽऽ!’

‘म्हशीचंऽऽ! सांगाऽऽ!’

‘लंगडीऽऽ तिकडं आलीयऽऽ! बांधून ठेवाऽऽ! सांजच्यालाऽऽ पोरगं येतंयऽऽ!’

वाऱ्याने अर्धं इकडेतिकडे नेलं. पलीकडून ते सगळं परत आलं, जरा वेगळ्या शब्दांत. लंगडी हितंच हाय, बांधते, सांजचं पोराला लावून द्या. आईने ‘व्हयऽऽ!’ म्हटलं. तेव्हा कुठे ठकूबाईने स्वतःचं काढलं. ते ऐकून म्हाळू आणि मी एकदम हसलो, आई गोरीमोरी झाली. मास्तर उठून बसले.

‘काय म्हणाली ती?’

आई म्हणाली, ‘काय न्हाई मास्तर. उगं आपलं.’

म्हाळू म्हणाला, ‘मास्तर, ती इचारत्ये, पडवीत काळी टोपी घालून कोण बसलंय, नामाला सोयरीक आलीय का?’

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला तो संवाद पुढे आयुष्यभर आठवत राहिला, कारण त्याआधी मास्तरांनी मला ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नाही असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

‘मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. तुला किती ऐकू आलं?’

‘निम्मं आलं असंल.’

‘आणि उरलेलं?’

‘उरलेलं म्हशीचंच असणार की मास्तर. म्हशीचं सांगती म्हणून आधीच म्हणाली न्हवं का आई.’

‘आणि त्या बाईने सगळं परत का म्हटलं?’

याचं उत्तर म्हाळूने दिलं. आमच्या डोंगरात हाळी परत केल्याशिवाय कोणी आपलं उत्तर देत नसे. चुकीचं ऐकलं तर एका माणसाची घळ उतरून चढायची मेहनत फुकट. म्हणून आधी निरोप परत करायचा, सांगणाऱ्याने ‘व्हय’ म्हणेपर्यंत थांबायचं आणि मगच आपलं बोलायचं. न थांबता उत्तर देणारा माणूस उर्मट समजला जाई. लहान पोरांना याबद्दल धपाटे मिळत. मास्तरांनी आईला विचारलं की हे ऐकायला पोरांना कोण शिकवतं? आई गोंधळली. ‘ऐकायला काय शिकवायचं असतंय मास्तर? कान हायेत न्हवं समद्यांला?’

गड बघून आम्ही परत फिरलो. भोर दिसू लागल्यावर मास्तर कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, ‘मी उलटं करत होतो. मी शब्द देत होतो. आधी म्हैस द्यायला हवी.’

सुटी संपल्यावर वर्गात गेलो तर सगळी बाकं भिंतीकडे तोंड करून लावलेली. मास्तर म्हणाले, ‘पुस्तकं मिटा. माझ्याकडे पाठ करून बसा. माझं तोंड बघायचं नाही.’ मग इंग्रजीत म्हणाले, कुत्र्याबद्दल सांगतो. आम्ही म्हणायचं, कुत्र्याबद्दल, सांगा. मग ते नेहमीच्या वेगाने, सुटे शब्द न करता, चार वाक्यं बोलले. संपल्यावर ज्याचं नाव घेतील त्याने ती हाळी परत करायची. त्यांच्या शब्दांत नाही, आपल्या शब्दांत, इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल. मास्तर ‘यस’ म्हणेपर्यंत थांबायचं. त्यानंतर प्रश्न.

पहिले दिवस गोंधळाचे गेले. विसूला ते मुळीच आवडलं नाही. ‘मास्तर, आम्ही काय म्हशी राखतो का?’ म्हाळू भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, ‘राखल्या असत्यास तर आतापर्यंत इंग्रजी आलं असतं.’ विसूची अडचण वेगळी होती. त्याला एकही शब्द सोडवत नसे. एक अनोळखी शब्द आला की तो तिथेच थांबे आणि पुढची तीन वाक्यं त्याच्या डोक्यावरून जात. मास्तर म्हणत, ‘अरे, एक दाणा किडका निघाला म्हणून अख्खं पोतं नदीत ओततोस का? जाऊ दे तो शब्द. पुढे चल. कुत्र्याचंच काहीतरी असणार.’ त्याला ते जमायला महिना लागला. जमलं त्या दिवशी त्याने मास्तरांची चोराच्या मागे लागलेल्या कुत्र्याची गोष्ट परत करताना मधल्या एका शब्दाबद्दल सरळ सांगितलं की हा मला कळला नाही, पण त्या शब्दाने चोर पळाला. मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढीच त्यांची शाबासकी. पण ती मिळवण्यासाठी पुढे वर्गात चढाओढ लागली.

म्हाळूचं आणि माझं वेगळं होतं. व्याकरणात आम्ही मागे, शब्द आमच्याकडे थोडे. पण ऐकताना थांबायचं नाही हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. इंग्रजी वाक्याला चढउतार असतो आणि जोर जिथे पडतो तिथे अर्थ असतो, हे म्हाळूने मास्तरांच्या आधी ओळखलं. तो मला म्हणाला, ‘आरं, ह्ये हाळीसारखंच हाय. जे वारा नेत न्हाई त्येच कामाचं.’ मी ते मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी ते फळ्यावर मराठीत लिहून ठेवलं आणि त्या दिवसापासून वाक्यात जोर कुठे पडतो ते आम्ही टाळ्या वाजवून मोजू लागलो. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी तक्रार केली की इंग्रजीच्या तासाला भजन चालतं.

हिवाळ्यात नीरेचं पाणी उतरलं. मास्तर आम्हाला नदीवर नेऊ लागले. आम्ही या काठावर पाठमोरे, ते पलीकडे. धुणं धुणाऱ्या बायका आधी घाबरल्या, मग सरावल्या. मामांनी कचेरीतली बातमी आणली. ‘शिरस्तेदार म्हणत व्हते, गुप्ते मास्तर आताशा नदीला इंग्रजी शिकवत्यात. मासे मॅट्रिक व्हणार म्हणं औंदा.’ पण त्यांनी माझी नक्कल करणं थांबवलं होतं. एकदा मी गोठ्यात म्हाळूबरोबर इंग्रजी हाळी परत करत होतो, तेव्हा ते दाराआड उभे होते. नंतर आत्याला म्हणाले, ‘कळत काय न्हाई, पन दोघं भांडल्यावानी बोलतात. म्हंजे खरंच बोलत असतील.’

आता एकच अडचण उरली होती. आम्ही मास्तरांचं इंग्रजी ऐकायला शिकलो होतो. दुसऱ्याचं ऐकलं की पुन्हा शून्य. मास्तरांनी त्यावर संस्थानच्या बँडमास्तरांना गाठलं. ते गोव्याचे, जाडे, घामाघूम, आणि त्यांचं इंग्रजी आमच्या मास्तरांच्या इंग्रजीचं दूरचं नातेवाईकसुद्धा लागत नव्हतं. ते सगळं एका दमात आणि चालीवर बोलत. पहिल्या दिवशी वर्ग पुन्हा दगडासारखा बसला. दुसऱ्या दिवशी म्हाळूने हात वर करून त्यांना इंग्रजीत विचारलं, सर, कशाबद्दल? बँडमास्तर थबकले. मग म्हणाले, लग्नाबद्दल. त्यांच्या चुलतभावाच्या लग्नाबद्दल. आणि मग त्या लग्नात नवरदेवाच्या घोड्याने ढोल ऐकून काय केलं ते सांगितलं. आम्हाला सगळं नाही, पण घोडा समजला. तिसऱ्या आठवड्यात आम्हाला घोड्याबरोबर सासूसुद्धा समजू लागली. ते जाताना मास्तरांना म्हणाले, माझ्या वादकांना असं ऐकता आलं असतं तर तो कर्णा मागे राहिला नसता.

पुढे पुण्याच्या एका दैनिकात मी उमेदीची सारी वर्षं घालवली. ट्रंक कॉलवरून बातम्या घेण्याचं काम माझ्याकडे असे. त्या तारांमध्ये वारा आमच्या घळीपेक्षा जास्त होता. मी आधी विचारी, कशाबद्दल? मग न थांबवता ऐके, मग परत सांगे, आणि पलीकडून ‘हो’ आलं की लिही. नव्या उपसंपादकांना ही सवय जुनाट वाटे. छापलेली दुरुस्ती माझ्या नावावर क्वचितच आली, एवढं नोंदवतो. आता भाषा शिकवण्याची मोठाली पुस्तकं माझ्या नातीच्या टेबलावर असतात. त्यांत ऐकण्यापूर्वी विषय द्यावा, सगळे शब्द कळण्याची वाट बघू नये, ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावं, वेगवेगळे आवाज ऐकवावेत, असं सगळं लिहिलेलं आहे. ती वाचून दाखवते आणि मी ऐकतो.

त्या वर्षी इन्स्पेक्टरसाहेब आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आणि धुळीने माखलेले. दिवाणसाहेब त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर. गुप्ते मास्तरांना मागच्या भिंतीशी उभं राहायला सांगितलं होतं. तोंडातून शब्द काढायचा नाही अशी ताकीद होती. दाराबाहेर मामा पट्टा लावून उभे. बाकं त्या दिवशी सरळ होती. साहेबांनी मागच्या वर्षीप्रमाणे पुस्तकं मिटायला लावली. मग त्यांनी उशीर का झाला तेच सांगायला सुरुवात केली. बोलले ते भरभर, ओठ न हलवता. पण पहिल्याच वाक्यात मोटार आली आणि आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. घाटात मोटार बंद पडली. शोफरने सगळं करून पाहिलं. मागून दोन बैलगाड्या आल्या. गाडीवानांनी बैल सोडले, मोटारीला जुंपले आणि चढावरून वर ओढून आणली. साहेबांनी त्यांना बक्षीस देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. त्यांनी वेगळंच काहीतरी मागितलं. ते काय हे साहेबांनी पुढच्या वाक्यात सांगितलं, आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी डोळे वर केले. मग त्यांनी बोट म्हाळूकडे केलं आणि विचारलं, गाडीवानांनी काय मागितलं?

म्हाळू उभा राहिला. छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात, पलीकडच्या डोंगराला सांगावं तसा, इंग्रजीत म्हणाला की गाडीवानांनी काय मागितलं असं आपण मला विचारता.

आणि थांबला.

साहेबांचा चेहरा बदलला. मागच्या वर्षीचे पोपट त्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. ते वाट बघत होते. म्हाळूही वाट बघत होता. निरोप परत केला होता, आता सांगणाऱ्याने ‘व्हय’ म्हणायचं होतं. त्याआधी उत्तर देणं त्याच्या लेखी उर्मटपणा होता, आणि साहेबांपुढे तो उर्मटपणा करणार नव्हता. मी मागे पाहिलं. मास्तरांचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या ध्यानात आलं होतं, सगळ्या वर्गाच्या ध्यानात आलं होतं, फक्त ज्याच्या ध्यानात यायला हवं त्याच्या ध्यानात येत नव्हतं. साहेबांनी दिवाणसाहेबांकडे वळून मान हलवली आणि हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

मी उभा राहिलो. मला कोणी विचारलं नव्हतं. इंग्रजीत मी तोपर्यंत दुसऱ्याचं परत केलं होतं किंवा विचारल्याचं उत्तर दिलं होतं. आपल्या मनाने एक वाक्यही उच्चारलं नव्हतं. मी म्हणालो, ‘सर, ही इज वेटिंग फॉर युवर यस.’

साहेबांनी विचारलं, माझ्या कशाची?

मी निरोप पुरा केला. आमच्या डोंगरात असं करतात, सर. तो तुमचा प्रश्न परत करतो. बरोबर असेल तर तुम्ही हो म्हणायचं. मग तो सांगेल.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हाळूकडे पाहिलं. म्हाळू हलला नव्हता. मग ते सावकाश म्हणाले, ‘यस.’

म्हाळूने उत्तर एका दमात दिलं. गाडीवान म्हणाले, साहेब, बक्षीस नको, तो भोंगा वाजवा, कारण आमच्या बैलांनी मोटार ओढली पण मोटारीचा आवाज काही ऐकला नाही. साहेबांनी वाजवला, आणि बैल दोऱ्या तोडून पळाले. सगळा वर्ग हसला, आणि या वेळी साहेबही हसले. म्हाळू हसला नाही. तो अजून उभा होता. साहेबांनी ते ओळखलं आणि पुन्हा म्हणाले, ‘यस, यस. सिट डाउन.’

त्यानंतर परीक्षा राहिली नाही, साहेबांचा खेळ सुरू झाला. त्यांनी विसूला प्रश्न विचारला, विसूने परत केला, साहेब ‘यस’ म्हणाले, विसूने उत्तर दिलं आणि एका शब्दाबद्दल सांगितलं की हा मला कळला नाही, पण मोटारीचाच एखादा भाग असावा. तो बरोबर होता. साहेबांनी खिडकीकडे तोंड करून बोलून पाहिलं. मग वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन. मग अंगण ओलांडून कडुलिंबाखालून त्यांनी हाताचा आडोसा करून काहीतरी ओरडून विचारलं, आणि वर्गाने एकमुखाने ते परत केलं. मामा पट्टा सावरत बघत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यांचं तोंड आनंदाने पसरलं होतं. साहेब परत आले ते मास्तरांपाशी गेले आणि त्यांना काहीतरी विचारलं. मास्तरांनी आधी प्रश्न परत केला. साहेबांनी मोठ्याने ‘यस!’ म्हटलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग ते दिवाणसाहेबांजवळ टेबलाशी उभे राहिले आणि हलक्या आवाजात, आमच्याकडे पाठ करून, भराभर बोलू लागले. ते आमच्यासाठी नव्हतं. विषयही त्यांनी आधी सांगितला नव्हता. पण विषय आम्हाला ठाऊक होता, सबंध वर्ष ठाऊक होता. दिवाणसाहेब शेवटपर्यंत ऐकून उठले, उपरणं सावरलं आणि घसा साफ करून मराठीत म्हणाले, ‘मुलांनो, साहेबांनी असा निर्णय दिला आहे की...’

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. विसू बाकावर चढला होता, म्हाळूने मला उचललं होतं, आणि सगळा वर्ग छत उडेल इतक्या मोठ्याने ओरडत होता. दिवाणसाहेब हात वर करून उभे राहिले.

‘अरे, थांबा! मी अजून सांगितलंच नाही!’

गुप्ते मास्तरांनी टोपी काढली होती आणि ती पुन्हा घालायचं त्यांना सुचत नव्हतं.

‘ऐकलं, साहेब,’ ते म्हणाले. ‘त्यांनी ऐकलं.’